ड्रिल लावण्याआधी: जुन्या इमारतीतलं ॲस्बेस्टॉस

जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-देखभालीचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि ॲस्बेस्टॉसबद्दल लोक मला फिरून फिरून दोनच प्रश्न विचारतात. एक, "हे ॲस्बेस्टॉसच आहे का हो?" आणि दुसरा, "मग काढूनच टाकूया का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा तिसरा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही: उद्या इथे काम करायला कोण येणार आहे आणि त्याला हे माहीत आहे का? कारण हे सामान भिंतीत, छतात, पाइपावर धड अवस्थेत नुसतं बसलेलं असतं तोवर त्याचे घातक तंतू हवेत फारसे येत नाहीत. खरी गडबड सुरू होते कोणीतरी ड्रिल, कटर, पॉलिश पेपर नाहीतर पहार घेऊन आला की. आणि तो जो कोणी येतो, वायरमन म्हणा, प्लंबर म्हणा, रंगारी, केबलवाला, एसीवाला, त्याला बहुतेक वेळा कोणी काही सांगितलेलंच नसतं. तो बिचारा भोक पाडतो, धूळ फुंकतो, झाडून घेतो आणि पुढच्या कामाला जातो.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. लांबलंय, पण जुन्या इमारतीत राहत असाल, काम करत असाल किंवा कमिटीवर असाल तर वाचाच.

आधी हे नेमकं काय आहे ते. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, जमिनीतून खणून काढतात. एकच खनिज नाही, सहा खनिजांना मिळून हे नाव आहे. त्यातली तीन इमारतींत जास्त सापडतात: क्रिसोटाइल म्हणजे पांढरं, अमोसाइट म्हणजे तपकिरी आणि क्रोसिडोलाइट म्हणजे निळं. उरलेली तीन, ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट आणि अँथोफिलाइट, बहुतेक दुसऱ्या खनिजात भेसळ होऊन आलेली असतात. असतो दगडच, पण त्याचे तंतू सुटतात, ते विणता येतात, सिमेंटमध्ये कालवता येतात, जळत नाहीत, सडत नाहीत, ताणाला भयंकर मजबूत आणि वर स्वस्त. त्यामुळे विसाव्या शतकात, त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत, छपरापासून इस्त्रीच्या स्टँडपर्यंत जिथे जिथे उष्णता, आवाज किंवा पाणी अडवायचं होतं तिथे तिथे हे घातलं गेलं.

आता त्रास कशाने होतो, तर हे तंतू तुटतात तेव्हा आडवे तुटण्यापेक्षा उभे चिरत जातात, म्हणजे एका तंतूचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. मोजणीसाठी जे तंतू धरतात ते ५ मायक्रॉनपेक्षा लांब आणि ३ मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, खोकला नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इतके हलके की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात, आणि खाली बसलेले कोणी झाडू मारला की परत वर येतात. फुप्फुसात खोल गेले की तिथल्या पेशी त्यांना गिळायला बघतात पण ते लांबीमुळे त्यांना पुरून उरतात, विरघळतही नाहीत (निळं आणि तपकिरी तर अजिबातच नाही), आणि वर्षानुवर्षं तिथे सूज, जखम, व्रण असं चालू राहतं. त्यातून फुप्फुसं कडक होण्याचा आजार होतो त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात, फुप्फुसाचा कॅन्सर होतो, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचाही होतो, आणि मेसोथेलिओमा होतो, जो फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर आहे आणि बहुतांश केसमध्ये त्याचं कारण ॲस्बेस्टॉसच असतं. धूळ नाकात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ॲस्बेस्टॉसमुळे जगभरात दरवर्षी २ लाखांहून जास्त माणसं जातात.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही, याचाच मला जास्त राग येतो. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉस सूतगिरणीतली कामगार १९२४ मध्ये वारली, तेव्हाच डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसातल्या या तंतूंबद्दल लिहून ठेवलं होतं. १९३१ मध्ये तिथे कारखान्यांसाठी धुळीचे नियमही आले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातल्या मेसोथेलिओमाच्या ३३ केस छापल्या, आणि त्यात खाणीत कधी काम न केलेली, नुसती त्या भागात राहिलेली माणसंही होती. तरी ब्रिटनमध्ये निळं-तपकिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं आणि पांढरं बंद व्हायला १९९९. ऑस्ट्रेलियात पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी, युरोपीय संघात २००५ पासून, कॅनडात २०१८ मध्ये, आणि अमेरिकेने क्रिसोटाइलवर बंदीचा नियम काढला तो २०२४ मध्ये. भारतासकट बऱ्याच देशांत पांढऱ्यावर आजही सरसकट बंदी नाही.

या तारखा मी उगाच देत नाहीये, ओळखण्याची पहिली पायरी हीच आहे. तुमच्याकडे बंदी कधी आली ते बघायचं, इमारत कधीची आहे ते बघायचं, आणि इमारत बंदीच्या आधीची असेल तर जोवर तपासणीत "नाही" असं येत नाही तोवर संशयास्पद सामान ॲस्बेस्टॉसचंच आहे असं धरून चालायचं. जिथे बंदीच नाही तिथे तर नव्या इमारतीतही हाच नियम. आणि मूळ बांधकामाची तारीख पुरत नाही, मधल्या काळात कधी पार्टिशन टाकलं, कधी पाइप बदलले, कधी जमिनीवर टाइल्स चिकटवल्या ते पण शोधायचं. जुनी बिलं, नकाशे, जुन्या वॉचमनची आठवण, सगळं कामाला येतं.

आता सापडतं कुठे ते बघू.

सगळ्यांना माहीत असतो तो सिमेंटचा पत्रा. नालीदार छप्पर, सपाट शीट, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, पाइप, पाण्याच्या टाक्या, सगळं त्याच जातीचं. यात साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बहुतेक पांढरं, आणि ते सिमेंटमध्ये घट्ट अडकलेलं असतं. म्हणून धडधाकट पत्रा हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा. पण ऊन-पावसाने वरचं सिमेंट झिजत जातं, पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि ते झिजलेलं सगळं पन्हळीत गाळ होऊन साठतं. त्या गाळात तंतू असतात हे पन्हळ साफ करणाऱ्याला कोणी सांगत नाही, तो गाळ सुकल्यावर खरवडतो. आणि शेवाळ काढायला प्रेशर वॉशर लावणं तर कृपा करून कधीच करू नका, त्याने वरचा थरच्या थर सोलला जातो आणि आजूबाजूला सगळीकडे उडतो. अजून एक गोष्ट, जिचा कॅन्सरशी काही संबंध नाही: जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तो मजबूत दिसतो, पाय ठेवला की सरळ खाली. त्यावरून पडून माणसं दगावतात आणि त्याला २० वर्षं लागत नाहीत. फळ्या, शिडी, सेफ्टी बेल्ट यांची सोय नसेल तर चढायचंच नाही.

माझ्या मते खरा घात करणारं सामान वेगळंच आहे, इन्सुलेशन बोर्ड. हे दिसायला अगदी साधं, रंग मारलेला सपाट बोर्ड, जिप्समच्या बोर्डासारखाच दिसतो. पार्टिशनमध्ये, फॉल्स सीलिंगच्या चौकोनांत, पाइप-केबलच्या डक्टच्या झाकणांना, आगरोधक दरवाज्यांच्या आत, छज्जाच्या खालच्या बाजूला, हीटरच्या मागे. सिमेंटच्या पत्र्यापेक्षा मऊ, स्क्रू सहज जातो, म्हणूनच लोक त्यात बिनधास्त स्क्रू मारतात. आणि त्यात २० ते ४५ टक्क्यांपर्यंत ॲस्बेस्टॉस असू शकतं, बरेचदा तपकिरी. पत्र्याला सगळे घाबरतात आणि या बोर्डावर घड्याळ टांगतात, असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

त्याहून वाईट म्हणजे पाइपांवरचं आणि बॉयलरवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवायला गुंडाळलेलं आवरण, आणि लोखंडी तुळयांवर आगीपासून बचावासाठी फवारलेला थर. लॅगिंग बाहेरून प्लास्टर केल्यासारखं दिसतं, त्यावर कापड, कापडावर रंग, आणि पाइप जिथे वळतो तिथे हाताने थापलेला गोळा. फवारलेला थर मऊ, फुगीर, बोट लावलं तरी कण सुटतील असा, आणि त्यात ८५ टक्क्यांपर्यंत ॲस्बेस्टॉस असू शकतं. बोटांनी चुरा होतं असं कुठलंही जुनं इन्सुलेशन दिसलं तर त्या खोलीतून बाहेर या, दार लावा, आणि माहितगार माणूस बोलवा, एवढंच मी सांगेन. तिथे घरगुती उपाय नाही.

बाकीचं पटपट सांगते. ९ इंच बाय ९ इंचाच्या जुन्या व्हिनाइल टाइल्स आणि त्यांच्या खालचं काळं डांबरासारखं चिकट (टाइल तशी शांत असते, पण ते चिकट ग्राइंडरने घासून काढायला गेलात की संपलं). व्हिनाइलच्या जुन्या रोलचं कागदी अस्तर. छतावरचा दाणेदार, नक्षीदार कोट. बॉयलरच्या आणि भट्टीच्या दाराला लावलेली दोरी, पाइपाच्या फ्लँजमधली, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडतात त्या चकत्यांमधली, गास्केटं. जुन्या लिफ्टचे ब्रेक लायनर. काही जुन्या फ्लशच्या टाक्या. खिडक्यांची जुनी पुट्टी, छतावरचं डांबरी फेल्ट. आणि माळ्यावर उष्णता अडवायला ओतलेलं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे एका खनिजाचे हलके, फुगवलेले दाणे, कारण अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट ट्रेमोलाइटने दूषित होतं, ती खाण १९९० मध्ये बंद झाली पण तिथला माल त्याआधीच कुठच्या कुठे गेला होता.

आणि इलेक्ट्रिक पॅनल. यावर जरा थांबते कारण हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. एका जुन्या इमारतीत मेन पॅनलचं दार उघडलं, आत फ्यूजच्या मागे राखाडी-पांढरं बोर्ड होतं, पुठ्ठ्यासारखं, एक कोपरा झिजून गोल झालेला. टॉर्च तिरका धरला तेव्हा स्क्रूच्या भोकांभोवतीची कड केसाळ दिसली, म्हणजे कापल्यासारखी साफ नाही, बारीक लव असल्यासारखी, आणि खालच्या लोखंडी पट्टीवर पांढुरकी धूळ बसलेली. वायरमनने नेहमीच्या सवयीने फुंकर मारायला तोंड पुढे नेलं. मी म्हटलं, "दादा, थांबा, फुंकू नका, मागे या." तो म्हणाला, "मॅडम, धूळच आहे." ती धूळच आहे म्हणूनच. पॅनलचं दार हळूच लावलं, कुलूप घातलं, वर कागद चिकटवला, आणि पुढे सप्लाय बंद करून प्रशिक्षित माणसाकडून नमुना घेतला. रिपोर्टमध्ये क्रिसोटाइल आलं. त्या माणसाने आयुष्यात अशी किती पॅनल फुंकून साफ केली असतील हा विचार काही माझ्या डोक्यातून जात नाही. चांगला, अनुभवी माणूस होता, कामात कुठे खोट नाही, फक्त ही एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

आता "बघून ओळखता येतं का" याचं उत्तर. नाही. पांढरं, निळं, तपकिरी ही खनिजाच्या रंगाची नावं आहेत, एकदा सिमेंटमध्ये किंवा बोर्डात कालवल्यावर सगळं राखाडीच दिसतं, वर रंगाचे चार थर. अनुभवाने फक्त संशय घेता येतो, आणि तो घ्यायलाच हवा, पण खात्री फक्त लॅब देते. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे प्रकाशाचे गुणधर्म बघून कुठलं खनिज आहे ते ठरवतात, फारच बारीक तंतू असतील तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. मोबाइलवर फोटो पाठवून "हे आहे का सांगा" असं मला रोज कोणीतरी विचारतं, त्या सगळ्यांना माझं हेच उत्तर असतं.

नमुना घेणं हे पण कामच आहे, चिमूटभर तुकडा तोडायचा असला तरी. शक्यतो प्रशिक्षित माणसानेच घ्यावा, आणि लॅगिंग, फवारलेला थर, इन्सुलेशन बोर्ड यांचा तर दुसऱ्या कोणी घेऊच नये. पद्धत माहीत असलेली बरी, म्हणजे आलेला माणूस नीट करतोय का ते कळतं. खोलीत दुसरं कोणी नको, पंखा-एसी बंद, खाली प्लास्टिक पसरलेलं, तोंडावर योग्य मास्क, जागा साबणाच्या पाण्याने भिजवलेली, तुकडा छोटा, शक्यतो आधीच तुटलेल्या कडेचा, पूर्ण जाडीचा. तुकडा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर कुठून घेतला ते लिहिलेलं. मागे राहिलेली कड रंगाने नाहीतर सीलंटने बंद. ओल्या फडक्याने पुसणं, आणि ते फडकंही कचऱ्यातच. आणि एका जागेचा रिपोर्ट "नाही" आला म्हणून अख्ख्या इमारतीला सोडून देऊ नका. छताच्या दहा चौकोनांतले तीन मधे कधीतरी बदललेले असतात आणि नेमका नमुना त्या तिनातला असू शकतो. रंग, पोत, जाडी, स्क्रूची पद्धत वेगळी दिसली की वेगळं सामान समजून वेगळा नमुना.

सापडल्यावर काय करायचं यात लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. सापडलं की पहिली उबळ येते ती तोडून फेकायची. मी त्याच्या विरोधात आहे, निदान घाईघाईत तरी. सामान धड आहे, हात लागत नाही अशा ठिकाणी आहे, तिथे काही काम निघणार नाही, तर ते तसंच ठेवणं आणि लक्ष ठेवणं हाच बहुतेकदा सगळ्यात सुरक्षित मार्ग असतो, कारण काढताना जितके तंतू हवेत जातात तितके ते जागेवर शांत असताना कधीच गेले नसते. थोडं खराब झालंय, कडा उघड्या आहेत, तर सीलंटने बंद करता येतं, किंवा समोर दुसरा बोर्ड लावून कोंडता येतं. काढायचं कधी, तर ते चुरा होतंय, वारंवार धक्का लागतोय, गळतीने भिजून फुगलंय, किंवा तिथे मोठं काम करायचंच आहे, तेव्हा. मोठ्या कामाच्या आधी मात्र काढलंच पाहिजे, तिथे "बघू पुढे" चालत नाही.

आणि काढायचं तर कोणी? लॅगिंग, फवारलेला थर, इन्सुलेशन बोर्ड यांना बऱ्याच देशांत परवानाधारक कंपनीच लागते, आणि ते बरोबरच आहे. ते लोक जागा प्लास्टिकने पूर्ण बंद करतात, आतली हवा फिल्टर लावलेल्या मशीनने बाहेर खेचत राहतात म्हणजे आतली धूळ फटीतून बाहेर येत नाही, आत-बाहेर करायला तीन कप्प्यांची खोली करतात, आणि काम झाल्यावर हवेची मोजणी करून मगच प्लास्टिक उतरवतात. ब्रिटनमध्ये या शेवटच्या मोजणीत एक मिलीलिटर हवेत ०.०१ पेक्षा कमी तंतू यावे लागतात. कोणी ठेकेदार नुसता मास्क आणि हातोडा घेऊन आला आणि "संध्याकाळपर्यंत साफ करतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सिमेंटचे पत्रे उतरवण्याचं काम त्या मानाने सोपं, पण शिस्तीचं. पत्रा फोडायचा नाही, अख्खा उतरवायचा. आधी पाणी मारून भिजवायचा (दाबाने नाही, हळू फवारा), हुक बोल्ट गंजलेले असतील तर बोल्ट कापायचा, पत्रा नाही कापायचा, मग दोन माणसांनी धरून हळू खाली द्यायचा. वरून टाकून द्यायचा नाही. खाली जाड प्लास्टिकमध्ये दोन थर गुंडाळून, टेप लावून, ॲस्बेस्टॉस आहे असं मोठ्या अक्षरात लिहायचं. ग्राइंडर, इलेक्ट्रिक करवत, यांचं तिथे कामच नाही.

मास्कबद्दल. रुमाल, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांचा शून्य उपयोग आहे, उलट वापरणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला लागतो, दाढीचे खुंट असतील तरी कडेने हवा आत येते. अंगावर एकदाच वापरून टाकायचा कव्हरऑल (डोक्यापासून पायापर्यंतचा सूट), आणि काम झाल्यावर कव्हरऑल आधी ओल्या फडक्याने पुसून आतून बाहेर गुंडाळत उतरवायचा, मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. हा क्रम उलटा झाला की सगळी मेहनत वाया. कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. जुन्या काळी कारखान्यातल्या कामगारांचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झालाय, ज्यांनी स्वतः कधी ॲस्बेस्टॉसला हातही लावला नव्हता.

साफसफाईला झाडू नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच नाही, कारण त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू आरपार जाऊन मागून खोलीभर फवारले जातात. यासाठी वेगळे, क्लास एच म्हणजे घातक धुळीसाठीच्या दर्जाचे व्हॅक्यूम असतात. ते नसेल तर ओलं फडकं, एकदाच वापरायचं, बादलीत पिळून परत नाही.

समजा चुकून तुटलंच, वादळात पत्रा फुटला किंवा कोणी बोर्डात ड्रिल घातला. काम तिथेच थांबवा. सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, पंखे-एसी बंद करा. अंगावर धूळ पडली असेल तर झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा, कपडे पिशवीत, मग अंघोळ. सिमेंटच्या पत्र्याचे चार तुकडे असतील तर भिजवून, मास्क लावून, उचलून गुंडाळता येतात. बोर्ड किंवा लॅगिंग असेल तर दार बंद ठेवून माणूस बोलवा. आणि ते तुकडे नेहमीच्या राडारोड्यात टाकू नका, भराव म्हणून तर मुळीच वापरू नका. २०२४ च्या सुरुवातीला सिडनीत रोझेल पार्कलँड्स या नव्या कोऱ्या बागेत झाडांच्या बुंध्याशी टाकलेल्या मल्चमध्ये (लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन) ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले आणि मग शोध घेतला तर शाळा, बागा, हॉस्पिटल अशा कितीतरी ठिकाणी तसंच मल्च निघालं. बंदी येऊन २० वर्षं झालेल्या देशात. कचऱ्यात एकदा मिसळलं की ते कुठून वर येईल सांगता येत नाही, म्हणून ते वेगळं, बंद, आणि त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच गेलं पाहिजे.

आता परत त्या तिसऱ्या प्रश्नावर येते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांप्रमाणे निवासी नसलेल्या इमारती आणि निवासी इमारतींचे सामायिक भाग ज्याच्या ताब्यात त्याच्यावर ॲस्बेस्टॉस शोधण्याची, नोंद ठेवण्याची आणि ती नोंद काम करणाऱ्याला दाखवण्याची जबाबदारी आहे. अमेरिकेत शाळांसाठी १९८६ पासून कायदा आहे, दर तीन वर्षांनी पूर्ण तपासणी आणि मधे दर सहा महिन्यांनी नजर टाकायची. तुमच्याकडे कायदा काहीही म्हणो, एक वही ठेवायला कोणी अडवत नाही. खोली, जागा, सामान काय, किती, अवस्था कशी, तपासलेलं की धरून चाललेलं, फोटो, शेवटचं कधी बघितलं. जिथे बघता आलं नाही, बंद डक्ट, कुलूपबंद खोली, ती जागा पण लिहायची, आणि तिथे आहे असंच धरायचं. ही वही कपाटात ठेवून काही उपयोग नाही, कामाची चिठ्ठी जिथून मिळते तिथे ती असली पाहिजे, आणि वायरमनने सही केल्याशिवाय त्याला चावी द्यायची नाही. मी हे लावून धरते तेव्हा लोक म्हणतात एवढ्याशा भोकासाठी कशाला. पण इमारतीतलं नुकसान त्या एवढ्याशा भोकांनीच होतं, दर महिन्याला एक, वेगवेगळ्या माणसांकडून. आणि मोठं तोडफोडीचं काम असेल तर रोजच्या वापराची ही वही पुरत नाही, भिंतीच्या आत, जमिनीखाली उघडून बघणारा वेगळा सर्व्हे लागतो. "आमच्याकडे सर्व्हे झालाय" असं कोणी म्हणालं की कुठला झालाय ते विचारा.

शेवटी, ज्यांना हे वाचून धास्ती बसली असेल त्यांच्यासाठी. कधीतरी एकदा तुटक्या पत्र्याजवळून गेलात, एखादं भोक पाडलंत, तर त्यातून आजार होण्याची शक्यता फार कमी असते. सुरक्षित म्हणावी अशी किमान मर्यादा कोणी ठरवू शकलेलं नाही हे खरं, पण धोका वाढतो तो धुळीचं प्रमाण आणि वर्षं दोन्ही वाढली की. लगेच एक्स-रे काढून काही दिसत नाही, एक्स-रेमध्ये तंतू दिसतच नाहीत. ज्यांनी अनेक वर्षं अशा धुळीत काम केलंय त्यांनी मात्र सिगरेट-बिडी आधी सोडावी, कारण तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. आणि एका कागदावर लिहून ठेवा: कुठल्या साली, कुठल्या प्रकारच्या कामावर, कुठल्या सामानाची धूळ, किती वर्षं. पुढे दम लागायला लागला, खोकला हटेना, तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा, कारण तीस वर्षांपूर्वी तुम्ही कसली पॅनल साफ करत होतात हे ते विचारतीलच असं नाही.